स्केल मॉडेलसाठी कापायची नवी हत्यारे: आधी काय घ्यावे आणि किटला लावण्यापूर्वी कसे पारखावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते आजवर १/७२ मापाची (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाइतकी) मॉडेल विमाने बनवत आले आहेत, आणि सुटे भाग तोडण्यासाठी नेलकटर व स्टेशनरीच्या दुकानातला कटर एवढ्यावरच त्यांचे काम चालले आहे. आता त्यांनी एडुआर्ड कंपनीचे १/४८ मापाचे मिग-२१ घेतले आहे. त्यात एचिंगचे, म्हणजे पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले, पितळी भागही आहेत, म्हणून हत्यारे बदलण्याचा विचार आहे, पण रक्कम मर्यादित आहे. सर्वांत आधी एकधारी जपानी निपर (एकाच पात्याला धार असलेली, भाग तोडण्याची छोटी पक्कड) घ्यावा का, आणि नवे हत्यार चांगले आहे की नाही हे कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: रंगवायच्या विमानासाठी महागडा निपर ही पहिली खरेदी नव्हे. आधी चांगली पाती घ्यावीत, मग बारीक करवत, त्यासोबत मध्यम दर्जाचा निपर, आणि हे सर्व हाताला बसल्यावर वाटलेच तर एकधारी निपर. हा क्रम सांगण्यामागे कारण आहे. एकधारी निपरची कीर्ती झाली ती मुख्यतः गुंडाम (जपानी मालिकेतले यंत्रमानव) किट्स बनवणाऱ्यांमुळे. बंदाईने १९८० मध्ये सुरू केलेल्या या किट्सचे भाग रंगीत प्लास्टिकमध्येच ओतलेले असतात, आणि पुष्कळ जण ते न रंगवता तसेच जोडतात. तेथे गेटच्या, म्हणजे भागाला रनरशी (सर्व भाग लटकलेल्या चौकटीशी) जोडणाऱ्या बारीक दांडीच्या, जागी उमटलेला पांढरा डाग कायमचा दिसत राहतो, म्हणून निपरचा काप हाच शेवटचा काप मानला जातो. मिग-२१ चे तसे नाही. त्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) येणार, रंग येणार, आणि त्याआधी प्रत्येक गेटच्या जागेवर पाते व पॉलिश पेपर फिरणार. येथे निपरचे काम भाग रनरपासून ताण न देता वेगळा करण्यापुरतेच असते. रंगाखाली शेवटी जो पृष्ठभाग राहतो तो पात्याने ठरवलेला असतो, आणि म्हणूनच पैसे आधी पात्यावर जावेत असे मी आग्रहाने सांगतो.

पात्यांसाठी हॉबीच्या दुकानात जाण्याचीही गरज नाही. सर्जिकल साहित्याच्या कोणत्याही दुकानात ‘बीपी हँडल तीन नंबर’ मागावे आणि त्याबरोबर ११ व १५ नंबरची पाती घ्यावीत. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात अशी दुकाने आहेत, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या गावी मोठ्या रुग्णालयाच्या आसपास एखादे सापडतेच. बदलत्या पात्याच्या या मुठीचे पेटंट अमेरिकेत १९१५ साली घेतले गेले आणि तिची रचना आजही मूलतः तीच आहे, त्यामुळे एका कंपनीचे पाते दुसऱ्या कंपनीच्या मुठीवर सहसा बसते. मात्र नंबर पाहून घ्यावा लागतो. तीन नंबरच्या मुठीवर १० ते १५ ची पाती बसतात, तर २० पासून पुढची मोठी पाती चार नंबरच्या मुठीसाठी असतात आणि आपल्या कामाला ती लागत नाहीत. ११ नंबरचे पाते टोकदार व सरळ धारेचे असते. १५ नंबरचे छोटे व गोलाकार पोटाचे. फुजलाजला (विमानाच्या धडाला) चिकटलेला गेटचा अवशेष छाटताना, अँटेनाची कड साफ करताना किंवा मास्किंग टेप कापताना ११ नंबर उपयोगी पडते. पंखाच्या मुळाशी, जेथे टोक रुतण्याची भीती असते, तेथे १५ नंबर अधिक सुरक्षित ठरते, कारण त्याचे पोट पृष्ठभागावर डोलवत नेता येते.

घेताना कार्बन स्टील की स्टेनलेस स्टील हे पाकिटावर वाचावे. कार्बन स्टीलच्या पात्याची धार सुरुवातीला अधिक तीक्ष्ण लागते, आणि स्टायरिनवर (किटच्या प्लास्टिकवर) तो फरक हाताला लगेच कळतो. पण ते पाते गंजते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याने पावसाळ्यात उघडे ठेवलेले कार्बनचे पाते काही दिवसांत तपकिरी ठिपके दाखवू लागते, आणि ते ठिपके धारेपर्यंत पोहोचले की पाते कापण्याऐवजी ओरबाडू लागते. अशा ठिकाणी एकेक पाते फॉइलच्या बंद पाकिटातून गरजेपुरतेच काढावे.

सर्जिकल पात्याचा एक दोष मोकळेपणाने सांगितला पाहिजे. ते पातळ असते, म्हणून वाकते, आणि आडवा जोर दिला तर टोक तुटून उडते. एक्स-ॲक्टो किंवा तत्सम हॉबी नाइफचे ११ नंबरचे पाते याहून जाड व ताठ असते. मूठही गोल व जाडसर असल्याने बोटांत फिरवता येते. जाड रनर कापायचा, भोक मोठे करायचे किंवा टोक खुपसून काही उचकटायचे असे काम असेल, तर हॉबी नाइफच वापरावा. सर्जिकल पात्याने फक्त छाटावे, रेघ मारावी, खरवडावे. त्याच्याकडून पहारीचे काम करून घेऊ नये. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तो पुरेसा आहे असे समजू नये, कारण तुटलेले टोक बाजूने येते. साधा पारदर्शक सेफ्टी गॉगल कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाते बदलताना ते बोटांनी ओढू नये. नोज प्लायर किंवा सर्जिकल दुकानातलाच आर्टरी फोर्सेप घेऊन पात्याचा मागचा टाचेकडचा भाग किंचित उचलावा, टोक स्वतःपासून दूर ठेवावे आणि पुढे सरकवत काढावे.

आता पारखण्याविषयी. हत्यार नवे आहे, नामांकित कंपनीचे आहे, सर्वांनी वाखाणलेले आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट त्याला थेट किटवर चालवायला पुरेशी नाही. चाचणीसाठी लागणारा माल किटच्या खोक्यातच असतो. रनर म्हणजे ज्या चौकटीला सर्व भाग लटकलेले असतात ती चौकट, आणि भाग काढल्यावर ती टाकून दिली जाते. ज्या किटवर काम करायचे त्याच किटचा रनर चाचणीला घ्यावा, कारण प्लास्टिक सर्वत्र सारखे नसते. काही जुन्या किट्सचे प्लास्टिक मऊ, मेणचट असते, तर काही नव्या किट्सचे कडक व ठिसूळ. मऊ प्लास्टिकवर उत्तम चाललेले हत्यार कडक प्लास्टिकवर भाग तडकवू शकते. रनरवर भागांचे क्रमांक छापलेल्या ज्या छोट्या सपाट पट्ट्या असतात, त्यांच्या मागच्या गुळगुळीत बाजूवर रेघा मारण्याची, खरवडण्याची आणि छाटण्याची परीक्षा फार चांगली घेता येते. प्रत्येक चाचणीशेजारी बारीक मार्करने हत्याराचे नाव लिहून तो तुकडा जपून ठेवावा. पुढे धार उतरली आहे का, अशी शंका आली की त्याच प्रकारचा काप पुन्हा घेऊन दोन्ही तुकडे भिंगाखाली शेजारी ठेवता येतात, आणि मग अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही.

पात्याची पारख अशी करावी. प्रथम वर्तमानपत्राची एक पट्टी एका हातात लोंबती धरून तिच्या कडेतून पाते वजनाशिवाय खाली आणावे. चांगली धार कागद न फाडता, न अडखळता उतरते. मध्येच कुठे अडली, तर धारेच्या त्या ठिकाणी खाच आहे. ही खाच डोळ्यांना दिसत नाही. भागावर मात्र ती प्रत्येक छाटणीत एक बारीक समांतर रेघ सोडते आणि प्रायमर मारल्यावर ती रेघ उठून दिसते. त्यानंतर रनरच्या कडेवरून अगदी कमी कोनात, जवळजवळ पाते पालथे टेकवून, एक पातळ साल काढावी. धार असेल तर प्लास्टिकची साल अखंड निघते, आपोआप गुंडाळत जाते आणि खालचा पृष्ठभाग चकचकीत राहतो. धार कमी असेल तर सालीऐवजी चुरा निघतो, पृष्ठभाग पांढुरका व मळकट दिसतो, आणि मुख्य म्हणजे हात नकळत जास्त दाब देऊ लागतो. पाते केव्हा बदलावे याचे माझ्याकडे यापेक्षा चांगले मोजमाप नाही: साल निघायची थांबली आणि चुरा येऊ लागला की पाते बदलावे, मग ते किती वेळ वापरले हा हिशेब पाहू नये. दाबून वापरलेले बोथट पाते निसटते तेव्हा भाग खराब होतो आणि बोट कापते.

पात्याचा आणखी एक उपयोग तपासून ठेवावा, तो म्हणजे पाठीने खरवडणे. ११ नंबरच्या पात्याची धार नसलेली पाठ पृष्ठभागाशी जवळजवळ काटकोनात धरून जोडाच्या रेषेवरून ओढली, तर मोल्डची (साच्याच्या सांध्याची) उभी रेघ धुळीसारखी निघून जाते आणि गोल भाग चपटा होत नाही. काही पात्यांची पाठ घडणीतच गोलसर असते आणि ती नुसतीच घसरते. आपले पाते कोणत्या प्रकारचे आहे हे रनरच्या गोल दांडीवर करून पाहावे. रनरवरही अशी मोल्डची रेघ असतेच.

निपरकडे वळू. निपर कसा कापतो हे समजले की कोणता घ्यावा याचा निम्मा निर्णय होतो. साध्या दुधारी निपरची दोन्ही पाती पाचरीसारखी असतात आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये शिरतात. शिरताना ती प्लास्टिक दोन्हीकडे ढकलतात, आणि शेवटचा थोडा भाग कापला न जाता तुटतो. ‘टक्’ असा आवाज येतो आणि छोटा भाग उडून पलंगाखाली जातो, तो याच क्षणी. ढकलल्या गेलेल्या प्लास्टिकमध्ये सूक्ष्म तडे पडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. एकधारी निपरमध्ये एक पाते अतिशय पातळ व धारदार असते, तर दुसरे सपाट व बोथट असून फक्त आधार देते; पाटावर ठेवून सुरीने चिरावे तसा काप त्यात होतो. ताण एकाच बाजूला आणि कमी पडतो, आवाज जवळजवळ येत नाही. जपानच्या गॉडहँड कंपनीचा एसपीएन-१२० हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध निपर, आणि डीस्पाये या चिनी कंपनीचेही असे निपर पुष्कळ वापरले जातात. त्यांचा काप खरोखर सुंदर असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्या पातळ पात्याची किंमत नाजूकपणाने मोजावी लागते. अशा निपरने फक्त प्लास्टिकचे बारीक गेट कापायचे असतात. जाड रनर, पारदर्शक कडक प्लास्टिक, पितळ, तार, रेझिन यांपैकी काहीही त्यात धरले, किंवा कापताना मनगट पिळले, तर पात्याचा टवका उडतो, आणि तो पुन्हा धार लावून दुरुस्त करणे घरी शक्य नसते. म्हणजे एकधारी निपर घेतला तरी जाड कामासाठी दुसरा निपर हाताशी असावाच लागतो. तो दुसरा निपर आधी घ्यावा. तामियाचा प्लास्टिकसाठीचा टोकदार साइड कटर अनेक वर्षे विश्वासाने वापरता येतो. तोही परवडत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचे, घटकांचे पाय कापायचे छोटे मायक्रो निपर मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते दुकानातच हातात घेऊन पाहता येतात, आणि हातात घेऊन पाहता येणे हा मोठा फायदा आहे. घेताना पात्यांची एक बाजू सपाट आहे ना, हे बघावे. दोन्ही बाजूंनी उतार असलेला निपर वायरमनच्या कामाचा असतो. तो भागाजवळ टेकतच नाही.

दुकानात निपर बंद करून ट्यूबलाइटच्या किंवा खिडकीच्या उजेडासमोर धरावा. पाती टोकापर्यंत मिळाली पाहिजेत. टोकाशी उजेडाची फट दिसली तर तो निपर बारीक गेटवर कापणार नाही, चावणार. मुळाशी किंचित फट असणे मात्र चालते, आणि काही निपरांत ती मुद्दाम ठेवलेली असते. मग निपर अर्धा उघडून दोन्ही दांडे आडवे हलवून पाहावेत. रिव्हेटपाशी खेळ जाणवला तर तो वाढतच जाणार. शेवटी खिशातला टिश्यू पेपर फक्त टोकाने कापून पाहावा. कागद दोन पात्यांत दुमडून अडकला तर दुसरा नग मागावा. दुकानदाराने हरकत घेतली तर घेऊ द्यावी. त्याच कंपनीच्या, त्याच खोक्यातल्या दोन निपरांत फरक असतो. ऑनलाइन मागवल्यास याच तीन गोष्टी पार्सल आले त्याच दिवशी कराव्यात, कारण परत करण्याची मुदत थोडी असते आणि प्लास्टिक कापलेला निपर कोणी परत घेत नाही. नामांकित जपानी निपरांच्या आणि पात्यांच्या नकलाही बाजारात फिरतात. नेहमीच्या भावाच्या निम्म्याने मिळणारा ‘अस्सल’ निपर घेऊ नये.

घरी आल्यावर रनरवर चाचणी घ्यावी. एकदा रनरची जाड दांडी कापावी आणि काप भिंगाखाली पाहावा: मध्ये उंच कडा उभी राहिली असेल तर तो दुधारी काप आहे, आणि ती कडा जितकी बारीक तितका निपर चांगला. नंतर गेटची पद्धत सरावाने पक्की करावी. पहिला काप भागापासून एक-दोन मिलिमीटर दूर, रनरच्या बाजूला. भाग मोकळा झाल्यावर दुसरा काप अवशेषावर, तरीही कागदाच्या जाडीइतके प्लास्टिक शिल्लक ठेवून. आणि तो शेवटचा पापुद्रा पात्याने व पॉलिश पेपरने काढायचा. एकाच कापात भागाला लगटून गेट तोडला की ताण जायला रनरकडे वाट नसते, तो भागात जातो, आणि कधी कधी गेटच्या जागी छोटा खड्डा पडतो. खड्डा पुटीने भरावा लागतो, उंचवटा मात्र पात्याने निघून जातो. म्हणून नेहमी उंचवटा शिल्लक ठेवण्याच्या बाजूने कापावे. ही पद्धत पाळली तर मध्यम निपर आणि महाग निपर यांच्या अंतिम परिणामात रंगवलेल्या विमानावर फरक राहत नाही.

निपर अजिबात वापरू नये अशी जागा तुमच्याच किटमध्ये आहे. मिग-२१ च्या नाकापुढे येणारी पिटो नळीची (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीची) लांब दांडी हा त्या विमानाच्या ओळखीचा भाग आहे. भारतीय वायुदलाने हे विमान १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत चालवले, आणि त्यातली शेकडो आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली, त्यामुळे महाराष्ट्रात हे मॉडेल जो पाहील त्याची नजर त्या दांडीवर जाणारच. १/४८ मापात ती इतकी बारीक असते की निपरची पाचर गेटमध्ये शिरताच ताण दांडीतून प्रवास करतो आणि ती भलत्याच ठिकाणी मोडते. येथे बारीक करवत लागते. एचिंगने बनवलेल्या करवतीच्या पात्याची जाडी साधारण एकदशांश मिलिमीटर असते. ती मुठीत बसवून रनर मॅटवर टेकवावा, दांडीच्या खाली ब्लू टॅकसारखा मऊ आधार द्यावा आणि दाब न देता करवतीच्या वजनानेच कापू द्यावे. आधी दांडीभोवतीचा रनर दोन्हीकडे निपरने तोडून चौकट सैल करून घ्यावी, म्हणजे तिच्यात अडकलेला ताण आधीच निघून जातो.

करवत पारखताना दात कोणत्या दिशेने झुकले आहेत ते भिंगातून पाहावे. जपानी धाटणीच्या करवती ओढताना कापतात, पाश्चात्त्य धाटणीच्या बहुतेक ढकलताना. पातळ करवतीसाठी ओढण्याची दिशा चांगली, कारण ढकलताना पाते दुमडते; एचिंगचे पाते मुठीत उलट बसवूनही दिशा बदलता येते. रेझिनचे सुटे भाग त्यांच्या ठोकळ्यापासून वेगळे करण्यासाठी थोडी जाड, पाठीला पोलादी पट्टी असलेली रेझर सॉ घ्यावी. करवत जेवढी जाड तेवढा माल ती खाते, आणि भाग दोन तुकडे करून पुन्हा जोडायचा असेल, तर हा खाल्लेला माल लांबीत कमी पडतो; चाचणीच्या तुकड्यावर खाचेची रुंदी मोजून ठेवावी. सोनारी कामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळणारी कमानीची करवतही वक्र कापांसाठी उत्तम चालते, फक्त प्लास्टिकवर ती संथ चालवावी लागते. वेगाने चालवली तर घर्षणाने स्टायरिन मऊ होते आणि काप मागच्या मागे पुन्हा चिकटतो. वेगवान रोटरी टूलला कापण्याची चकती लावून प्लास्टिक कापू नये असे मी सांगतो, तेही याच कारणाने. रेझिन कापताना पाण्याचा थेंब टाकत कापावे आणि तोंडावर चांगला मास्क असावा; ती धूळ श्वासात जाऊ देण्यासारखी नसते.

स्टेशनरीचा कटर फेकून देऊ नका. मोडत्या पात्याचा हा कटर १९५६ साली ओसाकाच्या योशिओ ओकादांनी बनवला आणि त्यातून ओल्फा कंपनी उभी राहिली; स्टायरिनच्या शीटचे काप घेताना आजही मी तोच वापरतो. पण पाती बदला. सोबत येणारी पाती सामान्य असतात; ओल्फाची काळी पाती त्याच ९ मिलिमीटर रुंदीच्या साध्या कटरमध्ये बसतात आणि कटरचे रूपच पालटते. पाते मुठीत डुगडुगत असेल, तर मात्र कटर बदलावा लागेल, कारण डुगडुगणारे पाते स्टीलच्या पट्टीला टेकवूनही सरळ जात नाही. शीट आरपार कापू नये. पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार वेळा रेघ ओढावी आणि रेघेवर शीट मागे वाकवून मोडावी. काप स्वच्छ व काटकोनात येतो.

पॅनल लाइन (विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेघा) नव्याने कोरायच्या असतील, तर पात्याने कोरू नयेत. पाते प्लास्टिक काढत नाही, दोन्ही कडांना सारते. रेघेवरून नख फिरवले की दोन्हीकडे उठलेली बर (खरखरीत कड) लागते. ओल्फाचा पी-कटर किंवा तामियाचा स्क्राइबर नांगरासारखा माल उचलून बाहेर काढतो. तो पारखताना क्रमांकाच्या पट्टीवर रेघ ओढून पाहावी: एकसंध बारीक कुरळी दोरी निघाली आणि नखाला बर लागली नाही, तर हत्यार ठीक आहे. पहिले दोन-तीन हात फक्त वजनाने न्यावेत.

एचिंगच्या पितळी भागांसाठी कटिंग मॅट चालत नाही. मॅट मऊ असते, पाते दाबले की पितळ मॅटमध्ये धसते आणि भागाची कड वाकते. जुनी सिरॅमिक टाइल किंवा जाड काच घ्यावी, त्यावर पत्रा सपाट ठेवावा आणि गोलाकार धारेचे पाते भागाला लगटून वरून खाली दाबत डोलवावे; ओढू नये. पितळावर कोणतेही पाते लवकर मरते, म्हणून प्लास्टिकवरून निवृत्त झालेली पाती या कामासाठी वेगळ्या डबीत राखून ठेवावीत, आणि ती पुन्हा प्लास्टिककडे वळवू नयेत. कापताना भागावर बोट किंवा मास्किंग टेपचा तुकडा असावा, नाहीतर तो उडतो. मॅट बाकी सर्व कामांसाठी हवीच. ए-३ आकाराची घ्यावी, आणि तिच्यावर गरम कप किंवा ऊन पडू देऊ नये, कारण वाकडी झालेली मॅट पुन्हा सरळ होत नाही.

अल्ट्रासॉनिक कटर हे नवे आकर्षण आहे. त्याचे पाते सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरते आणि जाड रेझिन लोण्यासारखे कापते. पण कडेला प्लास्टिक वितळते आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

एकधारी निपर घ्यायचाच असेल आणि कोणी नातेवाईक जपान किंवा सिंगापूरहून येणार असेल, तर त्यांच्याकडून मागवणे बहुधा स्वस्त पडते. मात्र निपर, पाती, करवती यांपैकी काहीही केबिन बॅगेत ठेवू नका असे त्यांना आधीच सांगावे. सुरक्षा तपासणीत ते काढून घेतले जाईल. सर्व काही चेक-इन बॅगेत, टोकांवर टोपण किंवा टेप लावून यावे.

ठेवणीबद्दल दोनच गोष्टी. निपरच्या रिव्हेटवर आणि पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात दर पावसाळ्याआधी व काम संपताना फिरवावा, आणि हत्यारांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी. वापरण्यापूर्वी तेल कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर ते भागावर उतरते आणि तेथे रंग धरत नाही. वापरलेली पाती, कटरचे मोडलेले तुकडे आणि तुटलेली टोके घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत. डबा भरला की झाकणाला टेप गुंडाळून, त्यावर ठळक अक्षरांत ‘धारदार पाती’ असे लिहून तो सफाई कर्मचाऱ्याच्या हातात सांगून द्यावा. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटे पाते कधीही टाकू नये, कारण ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उघडत असते.